वयस्क रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर वेदना कमी राहाव्यात म्हणून मणक्यातून दिले जाणारे अल्प मात्रेतील मॉर्फिन: माहिती हवी आहे

निफाडकर:
नमस्कार. माझ्या आईचे वय ७६ असून तिच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया पुढील महिन्यात नाशिकमध्ये, मुंबई नाक्याजवळच्या एका रुग्णालयात, करावयाची ठरली आहे. मधुमेह आणि रक्तदाब गोळ्यांवर आटोक्यात आहेत. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्तातली पातळी) मात्र १.४ असल्यामुळे वेदनाशामक गोळ्या जपून द्याव्या लागतील, असे फिजिशियननी सांगून ठेवले आहे. भूलपूर्व तपासणीच्या वेळी भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, की कमरेतून भूल देतानाच त्या औषधात अगदी थोडे मॉर्फिन घालण्याचा त्यांचा विचार आहे, म्हणजे पहिली रात्र आईला सुसह्य जाईल. घरी येऊन हे सांगितल्यावर आत्याबाईंनी 'म्हणजे अफूच की' म्हणून जो सूर लावला, तो अद्याप खाली आलेला नाही. या औषधाची सवय लागते का, श्वास बंद पडतो असे जे ऐकू येते त्यात तथ्य किती, आणि या वयात मूत्रपिंड थोडे कमजोर असताना ते द्यावे का, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

गोदातीर:
मी नाशिक रोडला भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो. सवयीचा प्रश्न आधी निकालात काढू. एकदाच, तेही मायक्रोग्रॅममध्ये दिलेल्या मात्रेने सवय लागत नाही, हे आत्याबाईंना निःशंकपणे सांगा.

आता मात्रेविषयी. वयस्क रुग्णाला खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मणक्यातून साधारणपणे १०० मायक्रोग्रॅम मॉर्फिन दिले जाते, म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा भाग. शिरेतून किंवा स्नायूत १० मिलिग्रॅमची जी मात्रा पूर्वापार दिली जात आली, तिचा हा शंभरावा हिस्सा झाला. इतक्याने काम भागते, याचे कारण औषध नेमके जिथे हवे तिथे पडते. वेदनेचा संदेश मज्जारज्जूच्या मागील भागात एका चेतापेशीकडून दुसरीकडे सोपवला जातो आणि तिथेच अफूवर्गीय औषधांना प्रतिसाद देणारी ग्राहीस्थाने दाटीने असतात. मणक्यातून भूल देण्याची सुरुवात जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बीर यांनी १८९८ मध्ये कोकेन वापरून केली. परंतु मज्जारज्जूवर थेट मॉर्फिन सोडून वेदना कमी होतात, हे उंदरांवरील प्रयोगांत दिसून यायला १९७६ साल उजाडले आणि १९७९ मध्ये ते कर्करोगाच्या रुग्णांवर वापरले गेल्याचे प्रसिद्ध झाले. सुरुवातीच्या त्या वर्षांत मिलिग्रॅमच्या घरातील मात्रा सर्रास दिल्या जात. श्वास मंदावण्याची जी भीती आजही टिकून आहे, तिचा मोठा भाग त्या काळातला आहे. मोठा भाग म्हटले, सगळी नव्हे, कारण उरलेला भाग खरा आहे आणि त्याकडे मी खाली येतोच.

भुलेसाठीचे ब्युपिव्हाकेन सगळ्याच नसा बधिर करते. त्यामुळे पाय हलत नाहीत, रक्तदाब उतरतो आणि दोन-तीन तासांत सगळे ओसरले की वेदना एकदम अंगावर येतात. मॉर्फिनने पाय लुळे पडत नाहीत, रक्तदाबही फारसा हलत नाही. कमी होते ती फक्त वेदना. ते पाण्यात विरघळणारे असल्यामुळे मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात बराच काळ राहते, परिणाम दिसायला अर्धा ते एक तास घेते आणि मग १८ ते २४ तास पुरते. फेंटॅनिल हे दुसरे अफूवर्गीय औषध याच्या उलट वागते. ते स्निग्ध पदार्थांत विरघळत असल्याने पाच-दहा मिनिटांत काम सुरू करते आणि दोन-चार तासांत संपते, म्हणजे भूल चांगली होते पण रात्रीसाठी हाती काही उरत नाही.

ज्या गुणामुळे मॉर्फिन रात्रभर पुरते, त्याच गुणामुळे ते द्रवाबरोबर हळूहळू वर मेंदूकडे सरकते. तिथे श्वासाचे नियमन करणाऱ्या केंद्रावर त्याचा परिणाम झाला, तर तो शस्त्रक्रियागृहात नव्हे, तर सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतो. सकाळी दहाला शस्त्रक्रिया झाली असेल तर ही वेळ संध्याकाळी किंवा रात्री येते, जेव्हा सगळे पांगलेले असतात. १०० मायक्रोग्रॅमला हे क्वचित होते, ३०० च्या पुढे धोका स्पष्टपणे वाढतो. वय, घोरण्यासह झोपेत श्वास अडकण्याचा विकार, फुप्फुसांचा जुना आजार, स्थूलपणा आणि सोबत दिलेली गुंगीची औषधे यांनीही तो वाढतो. म्हणून रुग्णालयाला एकच प्रश्न विचारा: पहिल्या रात्री आईचा श्वास कोण मोजणार आहे? उत्तर ठाम मिळाले तर मॉर्फिन जरूर घ्या, असे माझे मत आहे.

सिन्नरची वाट:
माझ्या वडिलांना (वय ८१) खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी हेच दिले होते. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही. वेदना खरोखर कमी होत्या, हे मान्य करतो. पण संध्याकाळपासून ते नाकाचा शेंडा आणि गाल सारखे चोळत होते, इतके की उपरण्याच्या टोकाने घासून नाक लाल झाले. ड्यूटीवरील मुलाने ॲव्हिलचे (ॲलर्जीवरचे) इंजेक्शन दिले, खाज तशीच राहिली आणि वडील मात्र सकाळपर्यंत हाक मारली तरी अर्धवटच डोळे उघडत होते. शिवाय लघवी अडकली. प्रोस्टेट वाढलेले आहे हे फाइलवर लिहिलेले असूनही रात्री एक वाजता पोट फुगल्यावर नळी घातली गेली. या सगळ्याची कल्पना आधी कोणीही दिली नव्हती, ही माझी तक्रार आहे.

गोदातीर:
आपली तक्रार रास्त आहे. खाज आणि लघवी अडकणे हे या औषधाचे अपवादात्मक नव्हे, तर नेहमीचे त्रास आहेत आणि ते आधी सांगणे हे आमचे काम आहे. नाक, गाल, कपाळ येथून सुरू होणारी ही खाज ॲलर्जीची नसते, त्यामुळे ॲलर्जीच्या औषधाने ती सहसा जात नाही. ॲव्हिलने मिळते ती केवळ गुंगी, आणि मॉर्फिन घेतलेल्या वयस्क माणसाला नको असलेली गोष्ट तीच. ऑन्डान्सेट्रॉन या मळमळीवरच्या औषधाचा काही रुग्णांना उपयोग होतो, मळमळही थांबते. फारच त्रास असेल तर नॅलोक्सोन किंवा नॅल्बुफिन (मॉर्फिनचा परिणाम उतरवणारी औषधे) अगदी थोड्या मात्रेत देता येते. ६५ वर्षांवरील खुबाबदल झालेल्या रुग्णांवरील २००३ सालच्या एका अभ्यासात ५०, १०० आणि २०० मायक्रोग्रॅमची तुलना केली होती. १०० आणि २०० या मात्रांचा वेदनेवरील परिणाम सारखाच निघाला आणि २०० ला खाज तेवढी वाढली. जास्त दिल्याने जास्त आराम, हा हिशेब इथे चालत नाही.

फिरता भूलतज्ज्ञ:
गोदातीर यांच्या शास्त्राशी मी सहमत आहे, त्यांच्या सल्ल्याशी पूर्णपणे नाही. मी सिन्नर, येवला, पिंपळगाव आणि शहरातील काही लहान रुग्णालयांत बोलावतील तसा जातो. आपल्याकडील बहुसंख्य भूलतज्ज्ञ असेच काम करतात. एक केस आटोपली की मी दुसरीकडे निघतो. पंधरा खाटांच्या रुग्णालयात रात्री एक सिस्टर आणि एक मावशी असतात. सिस्टरकडे एक बाळंतीण, एक डेंग्यूचा रुग्ण आणि बाकीचा वॉर्ड असतो. अशा ठिकाणी मी मणक्यात मॉर्फिन घालून, रात्री दोन वाजता श्वास मंदावला तर फोन करा, असे सांगून येवल्याच्या रस्त्याला लागणे मला पटत नाही. मी तिथे फेंटॅनिल वापरतो किंवा सोनोग्राफी यंत्रावर पाहून नसेभोवती बधिर करण्याचे औषध सोडतो. नसेभोवतीच्या औषधाने श्वासाला धोका नसतो, लघवी अडकत नाही, खाज येत नाही.

आणि निफाडकर, आपल्या आईचा गुडघा आहे, खुबा नव्हे, हा फरक महत्त्वाचा आहे. गुडघ्यासाठी मांडीच्या आतील बाजूने जाणाऱ्या नसेला बधिर करणे आणि सर्जनने सांध्याभोवती औषध टोचणे, या दोहोंनी चांगला आराम मिळतो. गुडघाबदलासाठीच्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत हे दोन्ही शक्य नसेल तेव्हाच मणक्यातील १०० मायक्रोग्रॅम मॉर्फिनचा विचार करावा, असे म्हटले आहे. खुब्याच्या बाबतीत मात्र त्याच तज्ज्ञगटाने मॉर्फिनला पर्याय म्हणून जागा दिली आहे.

गोदातीर:
मुद्दा मान्य. नसेभोवतीचे औषध देण्याची सोय आणि हातखंडा असेल, तर गुडघ्यासाठी तेच आधी करावे. ज्याला सोनोग्राफी यंत्र मिळत नाही, तो काय करतो, हे मात्र आपण दोघेही जाणतो: दर आठ तासांनी ट्रॅमाडॉल (अफूवर्गीय वेदनाशामक) आणि डायक्लोफेनॅक (मूत्रपिंडावर ताण आणणारे वेदनाशामक). ७६ वर्षांच्या, क्रिएटिनिन १.४ असलेल्या बाईंना डायक्लोफेनॅकपेक्षा मी मणक्यातील १०० मायक्रोग्रॅम केव्हाही पत्करीन.

शुश्रूषा:
मी परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे. अनेक वर्षे अस्थिरुग्ण विभागात होते. रात्रीची गोष्ट निघाली म्हणून लिहिते.

अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेची सूचना अशी आहे, की मणक्यातून मॉर्फिन दिलेल्या रुग्णाचा श्वास, ऑक्सिजनची पातळी आणि जागेपणा पहिले १२ तास दर तासाला आणि पुढील १२ तास दर दोन तासांनी पाहावा. कागदावर हे सोपे वाटते. प्रत्यक्षात बोटाला लावलेल्या यंत्रावर ९८ दिसले, की 'ठीक आहे' लिहून पुढे जाण्याकडे कल असतो. नाकात ऑक्सिजनची नळी असेल तर श्वास मिनिटाला आठवर आला तरी ते यंत्र बराच वेळ ९७-९८ दाखवत राहते, कारण आत जाणारा ऑक्सिजन पुरत असतो आणि बाहेर न पडणारा कार्बन डायऑक्साइड त्या यंत्राला कळत नाही. म्हणून आम्ही नव्या मुलींना शिकवत असू, की पांघरुणावरून पोटाच्या वरच्या भागावर हात हलकेच ठेवायचा, घड्याळाचा सेकंदकाटा पूर्ण एक फेरी होईपर्यंत पाहायचा आणि मगच आकडा लिहायचा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचे नाही, कारण मंद आणि अनियमित श्वासात तिथेच चूक होते. श्वास दहाच्या खाली गेला किंवा रुग्ण हाकेला ओ देईनासा झाला, तर डॉक्टरांना तत्काळ उठवायचे. त्यातही गुंगी बहुधा आधी वाढते आणि श्वास नंतर उतरतो, त्यामुळे हाक मारून पाहणे हे मोजण्याइतकेच महत्त्वाचे असते.

नातेवाइकांविषयीही एक सांगायचे आहे. आजी दिवसभराच्या दगदगीनंतर शांत झोपलेली असते, सिस्टर दर तासाला येऊन 'आजी, डोळे उघडा' म्हणते आणि उशाशी बसलेली सून किंवा लेक चिडते, 'अहो, आत्ता कुठे डोळा लागलाय, कशाला उठवता?' त्यांचे प्रेम कळते, पण या औषधानंतर शांत झोपलेल्या रुग्णालाच हाक मारून पाहायचे असते. निफाडकर, रात्री आईजवळ जो कोणी थांबणार असेल, त्याला हे आधीच समजावून ठेवा.

निफाडकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. शुश्रूषाताई, थांबणार माझी बहीण आहे आणि चिडणारी तीच, त्यामुळे तिला आपला प्रतिसाद वाचायला दिला. दोन शंका आहेत. मूत्रपिंडाच्या बाबतीत इतकी लहान मात्राही साठून राहते का? आणि एवढे कमी औषध मोजतात तरी कसे?

गोदातीर:
मॉर्फिनचे यकृतात रूपांतर होऊन तयार होणारे काही घटक मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात आणि ते साठले तर गुंगी वाढते. मिलिग्रॅममध्ये वारंवार दिलेल्या मॉर्फिनबाबत ही चिंता खरी आहे. एकदाच दिलेल्या १०० मायक्रोग्रॅममध्ये साठण्याइतके मुळात काही नसते. आईच्या मूत्रपिंडासाठी मला काळजी वाटेल ती सोबतच्या वेदनाशामकांची आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी पोटात पाणी कमी जाण्याची.

मोजण्याविषयी आपण नेमके बोट ठेवले आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या ॲम्प्यूलमध्ये एका मिलिलिटरला १० किंवा १५ मिलिग्रॅम मॉर्फिन असते. १० चे ॲम्प्यूल असेल तर १ मिलिलिटर औषधात ९ मिलिलिटर सलाईन घालून मिलिलिटरला १ मिलिग्रॅम होते. त्यातले १ मिलिलिटर घेऊन पुन्हा ९ मिलिलिटर सलाईन घातले, की मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम मिळतात. मधली एक पायरी गाळली तर मात्रा दहापट होते, आणि दहापट म्हणजे १ मिलिग्रॅम. धोका असेल तर तो या टेबलावर आहे. मी पातळ करताना दुसऱ्या व्यक्तीला मोठ्याने वाचायला लावतो, प्रत्येक सिरिंजवर चिठ्ठी लावतो आणि पहिल्या पायरीची सिरिंज लगेच बाजूला काढतो. औषध परिरक्षक (ते टिकवण्यासाठी घालतात ते रसायन) न घातलेले असावे लागते, हेही आलेच, कारण मज्जारज्जूजवळ परिरक्षक नकोत.

औषधभांडार:
मी रुग्णालयाच्या औषधविभागात आहे. सर्व काही पटले, पण मॉर्फिन मुळात रुग्णालयात असते का, हा प्रश्न कोणी विचारला नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिन ठेवणे इतके कटकटीचे झाले होते, की अनेक रुग्णालयांनी नादच सोडला. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिन, फेंटॅनिल इत्यादींना 'अत्यावश्यक' ठरवण्यात आले आणि अनेक परवान्यांऐवजी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून एकच मान्यता पुरेशी झाली. तरीही नोंदवही, कुलूप, प्रत्येक ॲम्प्यूलचा हिशेब हे सर्व आहेच आणि ते असलेच पाहिजे. एका ॲम्प्यूलमधील १० मिलिग्रॅमपैकी ०.१ मिलिग्रॅम वापरून उरलेले साक्षीदारासमोर नष्ट करून सही घ्यावी लागते. लहान रुग्णालये फेंटॅनिलवर किंवा ब्युप्रेनॉर्फिन या दुसऱ्या अफूवर्गीय औषधावर भागवतात, त्यामागे वैद्यकीय विचाराइतकाच हा कागदी व्यापही असतो. तिथल्या कपाटात नॅलोक्सोन आहे की नाही, हेही विचारून घ्या. उतारा तोच आहे आणि तो त्या मजल्यावरील ट्रेमध्ये हवा, तळमजल्यावरील भांडारात नव्हे.

गोदातीर:
उत्तम मुद्दा. त्यात एवढीच भर घालतो, की नॅलोक्सोनचा परिणाम पाऊण-एक तासात ओसरतो आणि मॉर्फिन मागे उरते. एकदा देऊन रुग्ण जागा झाला म्हणून निर्धास्त होता येत नाही. पुन्हा द्यावे लागू शकते. शिवाय पूर्ण ॲम्प्यूल एकदम दिले तर दबलेली वेदना उसळून येते, म्हणून ते थोडे थोडे द्यायचे.

व्यायामोपचार:
मी गंगापूर रोडला फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या बाजूने पाहिले तर पहिला दिवस या औषधाने छान जातो: पायात ताकद असते, दुखत कमी असते, त्यामुळे रुग्ण संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर धरून उभा राहतो. न्यूमोनिया आणि पायातील शिरांत रक्त गोठणे टाळण्यासाठी वयस्क माणसाचे हे उभे राहणे फार मोलाचे असते. फजिती होते ती दुसऱ्या दुपारी. मॉर्फिन संपलेले असते, पुढची गोळी 'दुखले तर द्या' म्हणून लिहिलेली असते आणि आजी सोसण्यात पटाईत असल्यामुळे 'काही नाही हो, एवढे चालायचेच' म्हणत राहते. मग गुडघा वाकवायला गेले की हात धरते. पॅरासिटामॉल पहिल्या दिवसापासून, दुखो वा न दुखो, वजनाप्रमाणे ठरलेल्या वेळी चालू ठेवले, तर ही दरी उथळ होते. उभे करताना मळमळ किंवा चक्कर आली तर घाई करू नये, बसवून घ्यावे.

पंचवटीकर:
थोडा वेगळा प्रश्न विचारतो. आजीचा (वय ८४) खुबा मोडला आहे, परवा शस्त्रक्रिया आहे. तिला रात्री झोपेसाठी ॲल्प्राझोलमची गोळी कित्येक वर्षांपासून चालू आहे आणि पायांच्या जळजळीसाठी प्रीगॅबालिन आहे. मागच्या वेळी मोतीबिंदूनंतरही ती दोन दिवस भ्रमिष्टासारखी बोलत होती. मणक्यातील मॉर्फिनने हा भ्रम वाढेल का?

गोदातीर:
भ्रमाचे कारण एकच नसते. न शमलेली वेदना, झोपमोड, लघवी तुंबणे, जंतुसंसर्ग, चष्मा आणि श्रवणयंत्र काढून ठेवणे, अनोळखी खोली, आणि अर्थातच औषधे, ही सगळी त्यात येतात. मणक्यातील अल्प मात्रेमुळे शिरेतून द्यावी लागणारी अफूवर्गीय औषधे पुष्कळ कमी होतात, ही जमेची बाजू; पण भ्रम होणारच नाही असे आश्वासन मी देणार नाही. मोडलेल्या खुब्यासाठी जांघेजवळील नसांना बधिर करण्याचा उपाय शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच करता येतो, तो आजच विचारा.

आपल्या प्रश्नातील खरी चिंता त्या दोन गोळ्यांची आहे. मॉर्फिन, ॲल्प्राझोलम आणि प्रीगॅबालिन ही तिन्ही श्वास मंद करण्याच्या बाजूने एकमेकांना हातभार लावतात. प्रीगॅबालिनसारख्या औषधांविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये वयस्कांच्या संदर्भात तसा इशाराही दिला आहे. दुसरीकडे, वर्षानुवर्षे चालू असलेली ॲल्प्राझोलम एकाएकी बंद केली तर त्यानेच बेचैनी आणि भ्रम उद्भवू शकतो. म्हणजे घरच्या डब्यातून रात्री गुपचूप देणेही चूक आणि आपल्या मनाने बंद करणेही चूक. दोन्ही गोळ्यांची पाकिटे घेऊन उद्या भूलतज्ज्ञांना भेटा, मात्रा दाखवा आणि त्या रात्री काय द्यायचे ते फाइलवर लिहून घ्या. मॉर्फिन दिले गेले, तर 'पहिले २४ तास भूलतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ट्रॅमाडॉल, झोपेचे किंवा गुंगीचे कोणतेही औषध देऊ नये' ही ओळही त्याच पानावर असू द्या. मी ती लाल शाईने लिहितो, कारण पाळी बदलल्यावर येणारी सिस्टर आधी तीच वाचते.